तुम्ही विचारलंत म्हणून: न घेतलेल्या औषधाला ‘आर’ कसा?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये मी कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून त्यांना कुठलं औषध लागू पडतं ते बघते, आणि लघवीचा रिपोर्ट हातात पडला की कुणी ना कुणी विचारतंच. परवा एक मावशी म्हणाल्या, "मॅडम, हे सेफ्ट्रायॅक्सोन इंजेक्शन मी जन्मात घेतलं न्हाई, मग म्होरं आर कसा? रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा न्हवं?" आर म्हणजे रेझिस्टंट, त्या औषधाला जंतू दाद देत नाही.

रिपोर्ट त्यांचाच होता. औषध मावशींनी घेतलं नव्हतं, पण त्यांच्या लघवीत सापडलेल्या ई. कोलाय ह्या जंतूला ते पचवायची विद्या शेजाऱ्याकडून मिळाली असणार. जंतूच्या मुख्य डीएनएशिवाय आत डीएनएचं एक छोटं कडं असू शकतं, तोच प्लाझ्मिड. ज्याच्याकडं तो असतो तो जंतू बऱ्याचदा दोरीसारखा पायलस बाहेर काढतो, शेजाऱ्याला जवळ ओढतो आणि कड्याची एक कॉपी त्याला देऊन टाकतो. शेजारणीला विरजण दिल्यासारखंच, आपलं दही संपत नाही आणि तिच्याकडंही लागतं. आणि शेजारी एकाच जातीचा पाहिजे असंही नाही, ई. कोलायकडून क्लेबसिएलाकडं सुद्धा जातं, हे सगळं आपल्या आतड्यात, गटारात, गोठ्यातल्या शेणात चालू असतं.

जपानमध्ये १९५० च्या दशकात जुलाबाचा जंतू शिगेला हा सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल अशा चारही औषधांना एकदम बधेना, तेव्हा १९५९ मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं की तो आणि साधा ई. कोलाय नुसते एकत्र वाढवले तरी चारही रेझिस्टन्स एका दमात पलीकडं जातात.

ह्या ‘एका दमात’चीच मला खरी भीती वाटते. मावशी लघवीला जळजळ झाली की मेडिकलमधून को-ट्रायमॉक्सॅझोलच्या दोन दिवसांच्या गोळ्या आणायच्या, बरं वाटलं की बंद. सेफ्ट्रायॅक्सोन पचवणाऱ्या प्लाझ्मिडवर बऱ्याचदा ह्या गोळीचा रेझिस्टन्सही बसलेला असतो, मग गोळीनं साधे जंतू मेले, कडंवाले उरले आणि वाढले, आणि कधी न घेतलेल्या इंजेक्शनचा आर आपोआप सोबत आला.

मी त्यांना जंतू वाढवलेली प्लेटच दाखवली, तिच्यावर औषध लावलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या, म्हणजे डिस्क, ठेवलेल्या असतात. सेफ्ट्रायॅक्सोनच्या डिस्कला चिकटून जंतूंची साय, नायट्रोफ्युरँटॉइन ह्या दुसऱ्या औषधाच्या डिस्कभोवती मात्र स्वच्छ गोल रिंगण, तिथं जंतू वाढलेच नाहीत. मावशींनी काचेवरनंच त्या रिंगणावर बोट ठेवलं, "म्हंजे ही अजून चालती?"

"चालते. पण डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून, ते सांगतील तितके दिवस."

त्यांनी घडी घालून रिपोर्ट पिशवीत ठेवला, आणि आधीच्या गोळ्यांची अर्धी राहिलेली पट्टी काढून माझ्या टेबलावर ठेवली.