तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही दोघं एका कनूत का बसत नाही

न्यू जर्सीतल्या बोडीन फील्ड या कॅम्पच्या जागी आमच्या ग्रुपचे तंबू लागले, पहिला चहा झाला, कनू (वल्हवायच्या निमुळत्या होड्या) पाण्याशी नेल्या, की कुणीतरी विचारतंच. तुम्ही नवरा-बायको वेगवेगळ्या कनूत का? मग जुन्यांपैकी एखादा नव्याला बाजूला घेऊन सांगतो, "अरे, 2017ला त्याने झाडावर घातली होती." मी लाइफ जॅकेटचे पट्टे आवळत ऐकून घेते. आता नाही ऐकवत.

आमचं भांडण नाही. मला पाण्याची भीतीही नाही. मी हरिपूरची. कृष्णा-वारणेच्या संगमावर पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकले. त्याच गुर्मीत इथल्या पाइन बॅरन्स जंगलातल्या नद्यांना मी ओढे म्हणायचे. ओस्वेगो नदी तर कुठे कुठे इतकी अरुंद, की कनू आडवी घातली तर दोन्ही टोकं काठाला लागतील. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, पाल्यामुळातल्या टॅनिनने आणि लोहाने तसं झालेलं. तळाच्या वाळूवर पाय ठेवला की तांब्याचा दिसतो. यात कोण बुडणार? कृष्णेचे डोह माहीत होते, भोवरे माहीत होते. आडवं पडलेलं झाड काय करतं ते माहीत नव्हतं. इथे काठावरची सीडरची झाडं उन्मळून पात्रात पडतात. फांद्यांतून पाणी निघून जातं आणि माणूस मागे अडकतो, गाळणीत चहापत्ती अडकावी तसा.

2017च्या त्या दिवशी, आदल्या रात्रीच्या पावसाने, नदीला ओढ होती. ओस्वेगो तळ्यावरून निघून हॅरिसव्हिल तळ्याला उतरायचं होतं. मी पुढे, नऊ वर्षांचा मुलगा मध्ये, नवरा मागे. कनू वळवायचं काम मागच्याचं. वळणावर झाड दिसलं, मी ओरडले, त्याने वळवली, तरी प्रवाहाने आम्हाला आडवं करून अलगद खोडाला टेकवलं. त्याची चूक असलीच, तर ती इथे संपते. टेकली तेव्हा कनू उलटली नव्हती.

कनू भाड्याने देणाऱ्या माणसाने सकाळीच बजावलं होतं: झाडाला आडवे लागलात तर झाडाकडेच झुका. उलट्या बाजूला झुकलात तर वरून येणारं पाणी कडेवरून आत शिरतं. ते सगळ्यांना मराठीत समजावून सांगणारी मीच होते. "झाडाला मिठी मारायची हं!" आणि फांद्या तोंडावर आल्या तेव्हा मी मागे झुकले. कड खाली गेली, मांडीवर पाणी आलं, कनू प्रवाहाकडे तोंड करून भरली.

मुलगा खोडाखाली ओढला गेला. जॅकेटचा पट्टा तुटक्या फांदीत अडकला होता. त्याचा हात माझ्या हातात, डोकं कधी वर, कधी पाण्यात. नवरा खोडावरून पलीकडे उतरला, छातीभर पाण्यात, आणि चाचपडत पट्ट्याचं बक्कल शोधू लागला. मग ओरडला, "हात सोड!" मी सोडला नाही. तो पुन्हा ओरडला. मी सोडला. मूल जॅकेटमधून निसटलं आणि खोडाखालून त्याच्या हातात गेलं. केशरी जॅकेट फांदीवर तसंच फडफडत राहिलं.

वाळूवर बसून मुलाने तपकिरी पाणी ओकलं. मग म्हणाला, "आई, तू मागे झुकलीस."

संध्याकाळी शेकोटीपाशी सगळे गप्प होते. नवरा म्हणाला, "माझं वल्हं चुकलं." मी कुडकुडत होते, बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलता आलं असतं. पुढच्या उन्हाळ्यात तर नक्कीच. त्याला म्हटलं तर म्हणतो, काय फरक पडतो? मला पडतो.

तोंडावर फांदी आली तर कुणीही मागेच होईल, असं मी त्या वेळच्या मला कितीदा समजावलंय. ती म्हणते, तुला सांगितलं होतं. मी म्हणते, त्यानेही उशिराच वळवली होती. कधी कधी मला ते अजून खरं वाटतं, आणि ते लिहितानाही लाज वाटते.

म्हणून मुलगा नवऱ्याच्या कनूत बसतो आणि मी एकटी. माझं शरीर पुन्हा तसंच वागलं तर माझ्याबरोबर दुसरं कुणी पाण्यात जायला नको. अविश्वास आहे, पण तो नवऱ्यावर नाही.

हॅरिसव्हिल तळ्यात नवरा कमरेभर पाण्यात उभा राहून वल्हं आडवं धरतो, मी कनू त्याला टेकवते आणि वल्ह्याकडे झुकते. दहातल्या दहा वेळा बरोबर. पण तिथे पाणी उभं असतं. या जूनमध्ये मुलगा म्हणाला, "आई, ओस्वेगोला माझ्या कनूत पुढे बस." आता तो माझ्याहून उंच आहे. मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही.