पावसाचं पुस्तक कुठल्या कप्प्यात असतं?

ऋतू बदलला की प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयाकडून पहिली अपेक्षा असते सजावटीची. कागदी ढग, चमकीचे थेंब, दारावर रंगीत छत्र्यांची माळ. दिसतं छानच. पण एका वर्गाला आठवड्यातून ग्रंथालयाचा एकच तास मिळतो, आणि त्यातला निम्मा वेळ कात्री-डिंकात गेला तर मुलांनी पुस्तक उघडायचं कधी? ग्रंथपाल म्हणून माझं मत पक्कं आहे: ऋतूचा उपक्रम वाचनाचा असायला हवा. त्यासाठी मला खिडकीजवळचं एक टेबल पुरतं. बाहेर जे चाललंय, त्याविषयीची पुस्तकं त्या टेबलावर.

ती पुस्तकं मी मांडत नाही, मुलं शोधून आणतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला चौथीला मी एकच प्रश्न देते, पाऊस आपल्या ग्रंथालयात किती ठिकाणी सापडतो? सगळी धावतात गोष्टींच्या कप्प्याकडे. मग एखादीला ५५१.५ क्रमांकाच्या कप्प्यात हवामान सापडतं. ऋतू का होतात, ते ५२५.५ मध्ये. बेडूक बसलेत ५९७.८ ला आणि पावसाच्या मराठी कविता पार तिकडे, ८९१.४६१ मध्ये. पुस्तकांना विषयानुसार असे आकडे देणारी ही दशांश वर्गीकरणाची पद्धत मेल्व्हिल ड्युईनं १८७६ मध्ये छापली. त्यातले दशांश चिन्हाचे आकडे दहा वर्षांची मुलं या खेळात आपोआप वाचायला लागतात. एका मुलीनं विचारलं, "बाई, बेडूक आणि पाऊस एवढे लांब लांब का ठेवलेत?" मला हा प्रश्न फार आवडला. बेडकाचं पुस्तक हवं असणाऱ्याला शेजारीच भेक आणि सॅलमँडर हे त्याचे भाऊबंद मिळावेत म्हणून, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "मग टेबलावर तरी त्यांना एकत्र ठेवू या." टेबल नेमकं त्यासाठीच आहे.

टेबलावर पुस्तकं आली की मी एक कोरा कागद देते आणि पावसाचा थेंब काढायला सांगते. बहुतेक सगळे वर टोक आणि खाली गोल असा थेंब काढतात. मग पुस्तकात शोधायचं, थेंब खरंच तसा असतो का. लहान थेंब गोल असतो. तो मोठा होत गेला की पडताना खालून हवा त्याला दाबते, बूड सपाट होतं आणि वरची बाजू बनपावासारखी फुगीर राहते. त्याहून मोठा झाला तर तो फुटतो. टोक कुठेच नसतं. वर्गात एक मुलगा आहे, पुस्तक घेतो, चित्रं बघतो आणि मिटतो. त्या दिवशी त्यानं तो परिच्छेद बोट ठेवून वाचला, पुन्हा वाचला, कारण त्याच्या स्वतःच्या चित्राचा सवाल होता. नंतर तो टेबलावरच्या प्रत्येक चित्रपुस्तकातले थेंब तपासत बसला, कुठल्या चित्रकारानं टोकदार काढलेत त्याची यादी करत. अख्खा वर्ग त्या यादीवर लागला. त्या यादीपायी त्यांनी किती पानं उलटली! ती पानं नुसती वाचायला सांगितली असती तर निम्मीही उलटली नसती.

तिसरीसाठी ढग. आधी खिडकीतून बघून प्रत्येकानं ढगाला आपलं नाव द्यायचं, मग ल्यूक हॉवर्डची माहिती वाचायची. हा माणूस व्यवसायानं औषधं बनवणारा, ढग बघण्याचा नाद लागलेला. त्यानं १८०२ मध्ये ढगांची लॅटिन नावं सुचवली आणि त्यातली बरीचशी आजही चालतात. नाद असलेल्या माणसांबद्दल मुलांना मनापासून ओढ वाटते.

मोठ्यानं वाचून दाखवणं मी कुठल्याच ऋतूत सोडत नाही. पावसाळ्यात तर जास्तच, कारण मैदान बंद असतं. वाचताना एखादा नवा शब्द आला, झाकोळ, पागोळ्या, सर, तर मी क्षणभर थांबून खिडकीकडे हात करते आणि पुढे जाते. वॉर्विक एली यांनी न्यूझीलंडमध्ये केलेला अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसती गोष्ट ऐकूनही मुलं नवे शब्द शिकतात, आणि वाचताना शिक्षकानं शब्द थोडा समजावला तर हा फायदा दुपटीहून जास्त होतो, असं त्यात दिसलं. पागोळ्या समोर गळत असताना तो शब्द समजावायला वाक्यही लागत नाही.

(या दिवसांत पुस्तकांचीही काळजी घ्यावी लागते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. कप्प्यात पुस्तकं दाबून कोंबू नयेत, मागे हवा खेळती ठेवावी, कपाट भिंतीला चिकटवू नये. मुलांना कोरडं फडकं दिलं की ती आनंदानं पुसतात, आणि पुसता पुसता वाचत बसतात. मी हटकत नाही.)

थंडीतला उपक्रम छोटा असतो. विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्यानं १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांहून अधिक काढले. ज्यांनी बर्फ पडताना कधी पाहिलेला नाही, ती मुलंही त्या फोटोंवरून हलत नाहीत.

उन्हाळ्यात मी पुन्हा प्रश्नच ठेवते: तेव्हा गरम होतं ते पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून का? हात पटापट वर होतात, "हो!" मग पुस्तक, पृथ्वीगोल आणि टॉर्च. पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते जुलैच्या सुरुवातीला आणि सर्वांत जवळ जानेवारीत. ऋतू होतात ते सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेल्या आसामुळे. पाचवीतली मुलं हे घरी जाऊन मोठ्यांना विचारतात आणि चुकीचं उत्तर मिळालं की दुसऱ्या दिवशी विजयी मुद्रेनं मला सांगायला येतात.

पण खरा महत्त्वाचा उपक्रम मोठ्या सुट्टीचा, आणि त्याबद्दल मी कोणाशीही भांडायला तयार आहे. नेमकं सुट्टीत ग्रंथालय बंद होतं, पुस्तकं मोजून कपाटात जातात, कुलूप लागतं. ज्या मुलांच्या घरी पुस्तकं नाहीत त्यांचं वाचन तिथेच थांबतं. अमेरिकेतले संशोधक ॲलिंग्टन आणि मॅकगिल-फ्रान्झेन यांनी गरीब वस्त्यांतल्या शाळांमधल्या मुलांना सलग तीन उन्हाळे, दर उन्हाळ्यात १२ पुस्तकं दिली. पुस्तकं मुलांनी स्वतः निवडलेली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ही मुलं वाचनाच्या चाचणीत पुस्तकं न मिळालेल्या मुलांच्या पुढे होती. कुठल्याही शिकवणीशिवाय.

स्वतः निवडलेली, हे मी फार मनावर घेतलंय. शेवटच्या आठवड्यात मुलं पिशवी घेऊन येतात आणि हवं ते भरतात. डायनासोरची सगळीच पुस्तकं हवीत? घे. पहिलीचं चित्रपुस्तक पाचवीतल्या मुलाला हवंय? घे, आणि कोणी हसायचं नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच नियमांत दुसराच नियम आहे, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. त्याचं, मला योग्य वाटलेलं नव्हे. वहीत नोंद होते, सारांश लिहून आणायला मात्र मी सांगत नाही. परत आल्यावर एवढंच विचारते, कुठल्या पानावर पुन्हा गेलास?

पहिलीच्या मुलांना सुट्टीत पुस्तकं देऊ नयेत, फाडतात, असं पुष्कळदा ऐकते. मी देते. पिशवीत पालकांसाठी एक चिठ्ठी असते: पुस्तक फाटलं तर ओरडू नका आणि सेलोटेप लावू नका, त्यानं कागद पिवळा पडतो. सुटलेलं पान तसंच आत ठेवून पाठवा, चिकटवायचं काम माझं.