दिंडोरीच्या मळ्यात हळदीचे हात

द्राक्षबागायतदारांना अन्नसुरक्षेचे धडे द्यायला जानेवारीत दिंडोरी तालुक्यात जाऊन आलो. नाशिकहून दिंडोरी पंचवीसेक किलोमीटर. एसटी मिळते, पण मळे वस्तीवर असतात; फाट्यावरून पुढे कुणाची तरी मोटरसायकल लागतेच, तुम्हीही असा वर्ग घ्यायला जाणार असाल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा.

सभागृहात पहिला तास रेसिड्यूवर, म्हणजे फळात उरणाऱ्या औषधाच्या अंशावर घेतला आणि तोंडघशी पडलो. 2010 साली सीसीसी या वाढनियंत्रकाच्या अंशापायी युरोपात माल अडकला, तेव्हापासून इथला शेतकरी पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी ते काढणी यांतलं अंतर, पाठ म्हणतो. कुठलं औषध काढणीआधी किती दिवस बंद करायचं, हे त्यांनीच मला ऐकवलं. तुम्ही जाल तेव्हा तो विषय दहा मिनिटांत उरका.

खरी गरज बांधावर होती. काढणीला पेठ-सुरगाण्याकडच्या बाया पिकअपने येतात, आणि दव सुकेपर्यंत कात्री चालत नाही. तो रिकामा अर्धा तास म्हणजे आपला वर्ग! प्रोजेक्टर नेऊ नका; गोडंतेल, हळद आणि साबण न्या. तिघींच्या हातांना तेल-हळद चोळली. एकीने नुसत्या पाण्याने हात धुतले, दुसरीने घाईत साबण फिरवला, तिसरीने नखं, बोटांच्या बेचक्या सगळं चोळून काढलं. पहिलीचे हात पिवळेधमक, दुसरीच्या नखांत हळद तशीच. हसून हसून पुरेवाट झाली, पण मुद्दा पोचला.

मग एक मावशी म्हणाल्या, "धुतले असते हो दादा, पण पाणी त्या टोकाला. आमचं काम उक्तं. जाऊन येईस्तोवर दोन क्रेट बुडतात." संडासाचीही तीच गत: पॅकहाऊसपाशी, कुलूपबंद. मण्यावरची लव (पांढुरका मेणचट थर) पुसू नये म्हणून घड देठालाच धरायचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. हात न धुण्यामागे अडाणीपणा नव्हता, हिशोब होता. म्हणून वर्गाला मालक आणि मुकादम दोघांना बसवाच, नाहीतर बायांना शिकवून उपयोग शून्य.

क्रेटही बघा. रिकामे क्रेट मातीत ठेवून तेच भरून एकावर एक रचतात, वरच्याच्या बुडाची माती खालच्या घडांवर. खाली ताडपत्री अंथरली तरी भागतं. औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी भरलेलं दिसलं, तर गप्प बसू नका. तीनदा विसळून, भोक पाडून तो बाद करायचा असतो.

दुपारी निघताना मालकाने नळ लावलेला ड्रम ओळींच्या मधोमध आणून ठेवला. साबण मात्र विसरला. माझ्या पिशवीतली वडी देऊन आलो. तुम्ही दोन-चार जास्तीच्या न्या.