तुम्ही विचारलंत म्हणून: चष्म्यातून सगळं दिसतं ना?

रामबागेत कोणाकडेही गेलं की हा प्रश्न ठरलेला. मागच्या गणपतीत तर आरतीचं तबक हातात असतानाच काकांनी विचारलं, "काय रे, तुमच्या त्या चष्म्यातून फुफ्फुसाच्या आतलं सगळं दिसतं ना, मग डॉक्टर चुकतीलच कसे?" आता एकदा नीट लिहूनच टाकतो.

काका, चष्म्यातून आतलं दिसत नाही, मी बनवलेलं मॉडेल दिसतं. सीटीच्या एकेक मिलिमीटरच्या शेकडो स्लाइस घेऊन मी श्वासनलिका, धमन्या, शिरा वेगळ्या रंगवतो (फुफ्फुसाची धमनी निळी, शीर लाल, कारण इथे अशुद्ध रक्त धमनीत असतं) आणि ते होलोलेन्स नावाच्या चष्म्यातून डॉक्टरांसमोर हवेत दिसतं, बोटांच्या खुणेने फिरतं, कशाला हात लावावा लागत नाही. २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जपानचा अभ्यास आला, ११०६ पेशंट, फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या २ सेंटीमीटरपर्यंतच्या गाठी, आणि अख्खा लोब (फुफ्फुसाचा मोठा भाग) न काढता फक्त सेगमेंट (त्यातला छोटा तुकडा) काढलेले पाच वर्षांनी जगण्यात मागे नव्हते, ९४.३ टक्के, लोबवाले ९१.१. पण तेवढाच तुकडा काढायचा तर त्याला जाणारी रक्तवाहिनीची फांदी नेमकी कुठली ते आधी कळायला हवं, आणि या फांद्या प्रत्येकाच्या वेगळ्या.

एका पेशंट बाईंबद्दल मी घरीसुद्धा बोललो नाहीये. उजव्या वरच्या लोबमध्ये दीड सेंटीमीटरची गाठ. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांच्या मुलाला चष्मा घालून मॉडेल दाखवलं, तो वाकून वाकून बघत होता, आणि मी म्हटलं, "आता काही लपलेलं नाही भैया." हे वाक्य माझं, डॉक्टरांचं नाही.

दुर्बिणीने चाललेल्या ऑपरेशनला दीडेक तास झाला असेल, कॅमेऱ्याची स्क्रीन एकदम लाल झाली. डॉक्टरांनी आत गॉझ दाबून धरला आणि आवाज न चढवता म्हणाले, "चष्मा काढ माझा." त्यांचे हात अडकलेले, मी मागून पट्टा सैल करून काढला, कपाळावर वळ उठला होता. मग छाती उघडावी लागली. रक्त थांबलं, बाई नवव्या दिवशी घरी गेल्या. मी तो चष्मा धरून भिंतीशी उभा होतो, आत मॉडेल चालूच होतं.

रात्री सीटी परत उघडला. पोस्टिरिअर, म्हणजे मागच्या सेगमेंटला जाणारी एक बारीक धमनी, सॉफ्टवेअरने शेजारच्या शिरेला चिकटवून लाल केलेली, आणि मी ती तशीच पास केलेली.

बाईंच्या मुलाने हे कसं झालं म्हणून विचारलं तेव्हा मी त्याला पुरीचं उदाहरण देत बसलो. सीटी श्वास भरून काढतात, फुफ्फुस टम्म पुरीसारखं, ऑपरेशनमध्ये त्या बाजूची हवा बंद करतात, पुरी बसते, मॉडेल मात्र फुगलेलंच, म्हणून ते फुफ्फुसावर तंतोतंत बसत नाही. सगळं खरं आहे, आजही सांगतो. पण त्या दिवशी मी माझी चूक त्या पुरीखाली सरकवत होतो.

डॉक्टर म्हणतात, सीटी मीही पाहिला होता, नुसत्या मॉडेलवर कोणी स्टेपलर (रक्तवाहिनी बंद करून कापायचं यंत्र) चालवत नाही. बरोबरच आहे. आणि मॉडेलमुळे वाचलेल्या फांद्याही मी पाहिल्यात, त्यामुळे चष्मा नकोच असं मी म्हणणार नाही. कधी वाटतं नातेवाइकांना तरी दाखवू नये, मग वाटतं, त्यांच्याच माणसाचं फुफ्फुस, नाही कसं म्हणायचं?

परवा एका आजोबांनी मागितला, मी दिला. "यात सगळं आहे का?" "मला सापडलं तेवढं आहे आजोबा." त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात ठेवला आणि डॉक्टर राउंडला कधी येतात ते विचारलं.