आवक रजिस्टरमधले ४७ दिवस

नगरपरिषदेच्या शाळेची इमारत, तळमजला अधिक दोन मजले, १२ वर्गखोल्या. आर्किटेक्टचा करार नगरपरिषदेने मध्येच रद्द केला, तेव्हा ८४ पाइल, म्हणजे पायाचे काँक्रीटचे खांब, जमिनीत गेले होते आणि त्यांच्या सळ्या उघड्यावर उभ्या होत्या. आर्किटेक्टने थकीत फीसाठी नोटीस दिली. लवादाकडे जाण्याआधी झालेल्या कामाचं मोजमाप करून घेऊ, एवढ्यावर दोन्ही बाजू राजी झाल्या आणि ते काम माझ्याकडे आलं. गावाचं आणि माणसांची नावं इथे देत नाही.

रद्द करण्याच्या पत्रात दोन कारणं होती. अंदाजपत्रक ३ कोटी १० लाखांवरून ३ कोटी ८६ लाखांवर गेलं आणि ड्रॉइंग उशिरा मिळाली.

खर्चाचं कारण जमिनीत होतं. पहिलं अंदाजपत्रक माती परीक्षणाआधी, साधं फुटिंग, म्हणजे उथळ पाया, धरून झालं. नंतर बोअर घेतले तर अडीच मीटरपर्यंत काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि उथळ पायावरची भिंत तिच्याबरोबर हलते. म्हणून तळाशी फुगवटा असलेले अंडररीम्ड पाइल घ्यावे लागले. वाढलेल्या ७६ लाखांत मोठा वाटा पायाचा. उरलेला सभागृहाचा, आणि ते नगरपरिषदेनेच मागाहून सांगितलं होतं. तरी माती परीक्षणाचा आग्रह आर्किटेक्टने अंदाजपत्रकाआधीच धरायला हवा होता, हेही मी अहवालात लिहिलं.

उशिराचा प्रश्न सुटला तो संयुक्त बैठकीच्या दिवशी. ड्रॉइंगची मुदत ३० जूनची. आर्किटेक्टचं म्हणणं, स्वच्छतागृहं प्रत्येक मजल्यावर की तळमजल्यावर स्वतंत्र, हे विचारणारं पत्र ६ जूनलाच दिलं होतं. हे ठरल्याशिवाय कॉलमच्या जागा, सांडपाण्याचा डक्ट, खोलगट स्लॅब, काहीच पक्कं होत नाही. असं पत्र आलंच नाही, असं बांधकाम विभाग ठामपणे सांगत होता. मी आवक रजिस्टर मागवलं. ६ जूनच्या पानावर, पाणीपट्टीच्या दोन तक्रारींच्या मध्ये, ‘शाळा इमारत, निर्णय मिळणेबाबत’ अशी नोंद होती. पुढे त्याच विभागाच्या लिपिकाची सही. उत्तराचं पत्र जावक रजिस्टरला २३ जुलैचं. मधले ४७ दिवस सर्वसाधारण सभाच झाली नव्हती.

त्या ४७ दिवसांनी सगळंच माफ होत नाही. करारातल्या यादीत ६२ ड्रॉइंग होती. पोचली ४७, त्यातल्या ९ वर स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही नव्हती. न आलेल्या १५ पैकी ११ कुंपणभिंत, दारं-खिडक्या आणि वीजजोडणीची. त्यांचा स्वच्छतागृहांशी काही संबंध नव्हता, ती वेळेत येऊ शकली असती.

दुसरी चूक नगरपरिषदेची. करारात कारणासह ३० दिवसांची लेखी नोटीस आणि त्रुटी सुधारायची संधी लिहिली होती. पत्र गेलं ते ‘तात्काळ प्रभावाने’. त्यामुळे नगरपरिषदेने आर्किटेक्टकडे केलेली १० टक्के दंडाची मागणी टिकण्यासारखी नव्हती. शिवाय भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला दंडाचा आकडा ही कमाल मर्यादा असते. त्याच्या आत वाजवी भरपाई तेवढी मिळते.

फी ३.५ टक्के, आणि करारानुसार ती तांत्रिक मान्यता मिळालेल्या रकमेवर. वाढीव अंदाजपत्रकाला ती मान्यता घेतलीच नव्हती, म्हणून आधार ३ कोटी १० लाखांचा, फी १० लाख ८५ हजार. ठेकेदार नेमेपर्यंत फीचे ५५ टक्के, कामाची ड्रॉइंग पूर्ण दिल्यावर ६५. सहीची ड्रॉइंग ३८, म्हणजे ६२ पैकी ६१ टक्के. ५५ ते ६५ मधल्या १० टक्क्यांतले ६.१३ धरले. एकूण ६१.१३ टक्के, म्हणजे ६ लाख ६३ हजार. ४५ टक्के आधी दिलेले होते. बाकी निघाली सुमारे १ लाख ७५ हजार. आर्किटेक्टची मागणी याच्या दुपटीहून जास्त होती, कारण त्याने ६५ टक्के पूर्ण धरले होते आणि तेही ३ कोटी ८६ लाखांवर.

‘माझी ड्रॉइंग वापरली तर स्टे आणीन’ हा त्याचा इशारा होता. नकाशांवर त्याचा कॉपीराइट होता, यात शंका नाही. पण कॉपीराइट कायद्याच्या कलम ५९ नुसार बांधकाम सुरू झाल्यावर ते थांबवण्याचा मनाई हुकूम मिळत नाही. पैशांचा दावा मात्र राहतो. उलट बाजूने, लवाद आपणच नेमू, अशी नगरपरिषदेची भिस्त करारातल्या कलमावर होती. पर्किन्स ईस्टमन विरुद्ध एचएससीसी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो रस्ता बंद केला: निकालात ज्याचं हित गुंतलं आहे त्याला एकट्याने एकमेव लवाद नेमता येत नाही. तो वादही एका आर्किटेक्ट कंपनीच्याच कराराचा होता, गुंटूरच्या नियोजित एम्सचा. हे दोन्ही कळल्यावर बोलणी पुढे सरकली.

मला खरी काळजी सळ्यांची होती. एक पावसाळा त्यांनी उघड्यावर काढला होता. वरचा तांबूस थर निरुपद्रवी असतो. पापुद्रे सुटले की सळीच बारीक झालेली असते. तारेच्या ब्रशने गंज काढला, जास्तीच्या टोकातून १६ मिमीचा एक मीटर तुकडा कापून वजन केलं. मूळ वजन १.५८ किलो, ५ टक्के घट चालते, म्हणजे १.५० पर्यंत. भरलं १.५३. सळ्या वाचल्या.

स्ट्रक्चरल इंजिनीअर आर्किटेक्टचाच उपसल्लागार होता, त्यामुळे करार रद्द होताच तोही गेला होता आणि त्याची आकडेमोडही. थकबाकीचा धनादेश आणि आकडेमोडीची फाइल एकाच टेबलावर द्यायची, अशी अट मी घातली. नव्या आर्किटेक्टला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या १९८९च्या आचारनियमांप्रमाणे आधीच्याला कळवणं भाग होतं; ते पत्रही त्याच दिवशी दिलं. ३८ ड्रॉइंग सहीसह, ९ वर ‘तपासणी बाकी’ असा शेरा, पाइलचं रजिस्टर, बोअरचा अहवाल. यादीच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या झाल्या. पाइल कॅपचं, म्हणजे पाइलच्या डोक्यावरच्या ठोकळ्यांचं, काँक्रीट त्यानंतर तीन आठवड्यांनी पडलं.