आबांचं मशीन आणि गच्चीवरचं सोलर

ग्वाल्हेरात लश्कर भागात आमचं जुनं घर. उन्हाळ्यात लाइट जायची तेव्हा नुसता घाम यायचा. आबांना घरी ऑक्सिजनचं मशीन लागल्यापासून धडकीच भरायला लागली. गच्ची मोठी आहे, सोलर बसवू, प्रश्न मिटेल, असं मी ठरवून टाकलं.

बसवणाऱ्याने पहिल्याच भेटीत हवा काढली. ‘लाइट जाएगी तो ये भी बंद, भरी दोपहर में भी.’ मला वाटलं, थट्टा करतोय. पण ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या वीजतारांना, जोडलेला सोलरचा साधा इन्व्हर्टर लाइट गेली की मुद्दामच बंद पडतो. नाहीतर आपली वीज तारेत उलटी जाऊन खांबावरच्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. म्हणजे लाइट गेल्यावरही घर चालवणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी आली. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, बॅटरीचा खर्च मात्र आपला.

मग वही घेऊन बसलो. मशीन ३५० वॉट, दोन पंखे १५०, दिवे-वायफाय ५०. सहा तास लाइट गेली तर ३.३ युनिट. जिन्याखालची जुनी १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-अवर) ट्युब्युलर बॅटरी कागदावर १.८ युनिटची, पण अर्ध्याखाली उतरवत गेलं की लवकर मरते, म्हणजे हाती जेमतेम ०.९. दोन तासही नाहीत! शेवटी ७५ वॉटचे पंखे काढून ३० वॉटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, लावले आणि ५ युनिटची लिथियम बॅटरी घेतली. एसी, गीझर, पाण्याची मोटर बॅकअपच्या, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या, लाइनवर घेतलीच नाही. मोटर सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते. फ्रिजवरून घरात वाद झाला. फ्रिज घेतला.

पॅनेलची जागा बसवणारा जूनमध्ये आखत होता. जूनच्या दुपारी इथे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, टाकीची सावली टाकीखालीच. डिसेंबरात तो दक्षिणेला इतका कलतो की भर दुपारीही सावली टाकीच्या उंचीहून लांब पडते. स्टँड चार हात सरकवून घेतला. तो वैतागला, मी ऐकलं नाही.

जानेवारीत धुक्याने तीन दिवस ऊन दिसलं नाही. तेव्हापासून रोजच्या वापरात बॅटरी ८० टक्क्यांखाली उतरू नये, अशी सेटिंग ठेवली आहे. आबांच्या खाटेमागचा भरलेला सिलिंडरही अजून तिथेच आहे. डॉक्टरांनी तो हलवू दिलेला नाही, आणि मीही विचारलेलं नाही.