हनिमून, लाइफबोट आणि वाटेतली दोन बंदरं

आहेराची पाकिटं फोडून झाली तेव्हा घरात तीन पक्ष पडले. सासूबाई म्हणत होत्या, मोठा फ्रिज घ्या. माझी आई म्हणत होती, सिमला-मनाली करून या. आणि आम्हा दोघांना बोटीने जायचं होतं: मुंबई, गोवा, कोची आणि परत मुंबई.

बोटीचं खूळ माझ्या आजीकडून आलेलं. आजी देवगडची, कोकण बोटीच्या जमान्यातली. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट एकेक बंदर घेत खाली जायची, बंदराबाहेर नांगर टाकायची, मग माणसं, ट्रंका, कोंबड्या असं सगळं पडावात उतरवून किनाऱ्याला लावायचे. आजीला बोट लागायची. सगळा प्रवास ती लिंबू हुंगत काढायची आणि तरी सांगताना मात्र तिचा चेहरा फुलायचा. हे ऐकत वाढलेल्या मुलीला क्रूझची जाहिरात दाखवल्यावर दुसरं काय होणार?

पॅकेज हनिमूनचं होतं. समुद्र दिसणारी केबिन, सजवलेला पलंग, केक, आणि एका संध्याकाळी डेकवर कँडललाइट डिनर. कंपनीचं नाव लिहीत नाही.

गिरगावातून बॅलार्ड पिअरला टॅक्सीने जायचं म्हणजे बसलो आणि उतरलो. इथेच एकेकाळी विलायतेच्या बोटी लागायच्या. बोटीतून उतरलेले साहेबलोक धक्क्यावरच्या बॅलार्ड पिअर मोल स्टेशनात गाडीत बसायचे. १९२८ मध्ये सुरू झालेली पेशावरची फ्रंटियर मेल इथूनच सुटायची. आम्हाला टॅक्सीतून उतरून बोटीत चढायलाच दुपार गेली. एक रांग बॅगांची, एक कागदपत्रांची, एक फोटोची, आणि चौथी कशासाठी होती हे तिथे उभ्या असलेल्या कुणालाच माहीत नव्हतं. सुरक्षा तपासणीत बॅग उघडली आणि सासूबाईंनी दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा बाहेर निघाला. घरचं खाणं बोटीवर चालत नाही म्हणे. नवऱ्याने तिथल्या तिथे तीन लाडू तोंडात कोंबले, उरलेले मागे राहिले. सासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही. त्या हे वाचत नाहीत, अशी आशा आहे.

केबिनचं दार उघडलं. खिडकीभर नारिंगी रंग. मला वाटलं पडदा आहे. पडदा नव्हता, लाइफबोट होती, अगदी काचेला खेटून टांगलेली. तिच्यावरून हातभर आकाश दिसत होतं. रिसेप्शनला विचारलं तर बाई गोड आवाजात म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या कॅटेगरीत समुद्र अंशतः दिसतो." सजवलेला पलंग म्हणजे दोन सिंगल खाटा, मध्ये बेडसाइड टेबल, आणि त्या टेबलावर टॉवेलचा एकच हंस. दुसरा बहुधा दुसऱ्या जोडप्याकडे गेला असावा. एसीतून थेंब थेंब पाणी गळत होतं, तेही बरोबर माझ्या उशीवर.

केबिन बघणारा मुलगा गुहागरचा निघाला. मराठी ऐकल्यावर 'मॅडम'ची 'ताई' झाली. त्याने आणि नवऱ्याने मिळून टेबल हलवलं, खाटा जोडल्या, एसीखाली बादली ठेवली. मजल्यावरचा दुसरा मुलगा आजारी म्हणून त्याच्या केबिनही याच्याच गळ्यात होत्या. नंतर जेव्हा जेव्हा त्याला पाहिलं तेव्हा तो पळतच होता. या बोटीवरच्या सेवेबद्दल पुढे मी बरंच वाईट लिहिणार आहे, त्यात हा मुलगा धरू नये. माणसं कमी आणि वचनं जास्त, हा हिशेब वरच्या ऑफिसात कुणीतरी केलेला असतो, शिव्या मात्र बादली आणणारा खातो.

निघण्याआधी मस्टर ड्रिल झाली. सात छोटे भोंगे, एक लांब, की सगळ्यांनी नेमलेल्या जागी जमायचं. लाइफ जॅकेट घातलेला, हातातला चुडा सांभाळणारा माझा फोटो हा आमच्या अख्ख्या हनिमूनचा सर्वात चांगला फोटो आहे.

मग टगने बोट धक्क्यापासून ओढून काढली आणि तासभर मी सगळं विसरले. मुंबई मागून बघायची असते हे मला माहीतच नव्हतं. गेटवे आणि ताज नेहमी अंगावर येतात, इथून ते हळूहळू बाजूला सरकत गेले. डावीकडे न्हावाशेव्याच्या क्रेन, मागे अटल सेतूची लांबच लांब रेघ. कुलाब्याच्या टोकाला प्राँग्जचा दांडा, म्हणजे दीपस्तंभ, १८७५ चा. अंधार पडताना बोटीला वाट दाखवणारा बंदराचा पायलट दोरशिडीवरून आपल्या छोट्या बोटीत उतरला आणि हात हलवून परत फिरला. नंतर डावीकडे खांदेरीचा दिवा लागला. १६७९ साली महाराजांच्या माणसांनी या बेटावर किल्ला बांधायला घेतला आणि ते थांबवायला आलेल्या इंग्रजांच्या जहाजांना मायनाक भंडारी आणि दौलतखानाने पुरून उरून दाखवलं. इंग्रजांना मुंबईच्या तोंडाशी हा काटा नको होता. नकाशात हे वाचून कळत नाही. बोटीवरून बघितलं की लगेच कळतं.

नवऱ्याला मी हे सांगत होते आणि मागे स्पीकरवर कुणीतरी विचारत होतं, "बिंगो खेळायला कोण कोण तयार आहे?"

सगळ्या बोटीचा हाच प्रकार होता. समुद्राकडे पाठ करून बसायची जय्यत तयारी. कॅसिनो आत, नाटकगृह आत, बफे आत. मोकळ्या डेकवर डीजे. आमच्याबरोबर बाथरूम फिटिंग्ज विकणाऱ्या डीलर मंडळींचा वार्षिक मेळावा चढला होता, सगळ्यांना एकसारखे निळे टीशर्ट. पैसे देऊन आलेली माणसं, त्यांनी मजा करावीच. पण बफेची रांग त्यांनी भरली की आमच्या वाट्याला पनीर आणि थंड नूडल्स. अरबी समुद्राच्या मधोमध एक सुरमईचा तुकडा नाही! विचारल्यावर 'फिश फिंगर' आले. पिण्याच्या बाटलीचे पैसे वेगळे. इंटरनेटचे वेगळे. गरम पाणी सकाळी सातनंतर येत नसे आणि त्याबद्दल विचारायचं तर पुन्हा रिसेप्शनची रांग, जिथे आमच्या पुढे गरम पाण्याबद्दलच विचारायला आलेले लोक.

गोव्यात मुरगावला सकाळी लागलो. बोटीच्या सहली महाग होत्या आणि त्यात काजूच्या दुकानाचा थांबा सक्तीचा. शिवाय सहलवाल्यांना आधी उतरवलं, आम्हाला नंतर. बंदराबाहेर टॅक्सी ठरवली आणि कुठ्ठाळीवरून झुआरीच्या नव्या पुलावर आलो. खाली नदी एवढी रुंद की समुद्रच वाटावी. मंगेशीचं मूळ देऊळ या कुठ्ठाळीला होतं. १५६० मध्ये पोर्तुगीज देवळं पाडत सुटले तेव्हा लिंग उचलून नदीपार, त्यांच्या हद्दीबाहेर प्रियोळला नेलं. आता आम्ही एसी गाडीतून दोन मिनिटांत ओलांडला तो हा पाट. मंगेशीची ती सात मजली पांढरी दीपमाळ, तळं, आजूबाजूची सुपारीची बनं, आणि सकाळची फारशी गर्दी नसलेली वेळ. ज्यांच्यामुळे देव पळवावे लागले त्यांचं जुनं गोवं इथून जवळच. तिथल्या बॉम जेझू चर्चची जांभ्या दगडाची उघडी भिंत मला आतल्या सोनेरी वेदीपेक्षा आवडली. चांदीच्या पेटीतल्या सेंट फ्रान्सिस झेवियरसाठी लोक गुडघे टेकत होते. त्याच रांगेत कपाळाला मंगेशीचं कुंकू लावलेली मी. कुणी वळूनही बघितलं नाही.

जेवण फोंड्याला, साध्या खानावळीत. हुमण, तिसऱ्यांचं सुकं, किसमूर, तळलेला बांगडा, सोलकढी. मालकीणबाईंनी नवीन लग्न ओळखलं आणि न मागता आणखी एक बांगडा वाढला. बोटीवर ज्याचं पॅकेज होतं ते इथे फुकट मिळालं.

त्या रात्री कँडललाइट डिनर. डेकवर वारा, मेणबत्ती टिकेना, म्हणून बॅटरीवरची प्लॅस्टिकची मेणबत्ती आली. शेजारच्याच मांडवात डीलरांचा बक्षीस समारंभ सुरू झाला. सूपबरोबर 'पश्चिम विभाग, प्रथम क्रमांक' आणि टाळ्या. आम्ही दोघं आधी गप्प, मग एकमेकांकडे बघून जे हसत सुटलो ते थांबेचना. पहिल्या क्रमांकाचे काका कोल्हापूरकडचे होते. त्यांनी आम्हाला हसताना पाहिलं आणि थेट केकची बशी घेऊन आले. "वहिनी, तोंड गोड करा." पॅकेजमधला केक शेवटपर्यंत आला नाही. आमच्या हनिमूनचा केक बाथरूम फिटिंग्जवाल्यांचा.

कोचीसाठी मात्र पहाटे उठून डेकवर जा, कुठल्याही बोटीने गेलात तरी. खाडीचं तोंड अरुंद आहे. डाव्या हाताला वायपीन, उजव्या हाताला फोर्ट कोची, आणि काठाकाठाने चिनी जाळी. सागवानी वासे, दोरांना टांगलेले दगड, आणि ती अवाढव्य जाळी पाण्यातून वर येताना चारपाच माणसं अंगाचा भार टाकून ओढतायत. बोट इतकी जवळून जाते की त्यांच्या हाका ऐकू येतात. डेकवर आम्ही, दोन म्हातारी जोडपी आणि सफाई करणारी मुलं. बाकी सगळे झोपलेले.

सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे, रिकामी. १५२४ मध्ये तो इथेच मेला, पुढे १५३९ मध्ये हाडं पोर्तुगालला नेली. मत्तनचेरीचा राजवाडा पोर्तुगीजांनी बांधून दिला, डचांनी डागडुजी केली म्हणून नाव डच पॅलेस. राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायण रंगवलंय. आमच्या शयनगृहात लाइफबोट होती, हे नवऱ्याने तिथे मोठ्याने म्हटलं आणि रखवालदाराने डोळे वटारले. ज्यूंचं १५६८ चं सिनेगॉगही पाहिलं. जमिनीवरच्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा बघत खाली मान घालूनच फिरले.

पण कोची लक्षात राहिली ती मत्तनचेरीतल्याच चेर्लाई या वस्तीमुळे. गोव्यातून निसटलेले सारस्वत किनाऱ्याने खाली उतरत इथवर आले, त्यांचं तिरुमल देवस्वम इथे आहे. देवळाबाहेर पापड, सांडगे विकणाऱ्या एका बाईंशी मी मालवणीत बोलले. त्या त्यांच्या कोकणीत, मल्याळीसारखा हेल काढून. निम्मं कळलं, निम्मं हसण्यात गेलं. दोनच दिवसांपूर्वी कुठ्ठाळीचा पूल ओलांडला होता, आणि तिथून निघालेल्यांच्या घराण्यातली ही बाई मला सांडगे कसे तळायचे ते सांगत होती. बोटीची वेळ झाली नसती तर त्यांनी जेवायलाच बसवलं असतं. तसं त्या म्हणाल्याही.

परतीचा प्रवास म्हणजे पाऊस नसलेला जुलै: करायला काही नाही आणि बाहेर जाववत नाही, कारण डेकवर डीजे. शेवटच्या सकाळी बिल आलं. त्यात 'सेवा शुल्क' होतं. कँडललाइट डिनरचे पैसेही पुन्हा लावलेले. ते काढून घ्यायला नवरा रांगेत उभा राहिला तेव्हा प्राँग्जचा दांडा दिसत होता, काढून झाले तेव्हा आम्ही बॅलार्ड पिअरला लागलो होतो. गुहागरच्या मुलाला वेगळी बक्षिसी हातात दिली, शुल्कावर विश्वास नव्हता.

तक्रारीचा सविस्तर मेल केला, फोटोंसकट. उत्तरात माफी नव्हती, पुढच्या क्रूझवरचं सवलतीचं कूपन होतं. नवऱ्याने ते कोल्हापूरच्या काकांना पाठवून दिलं, त्यांचा पुढचा मेळावाही बोटीवरच ठरतोय म्हणे. आम्ही नेत्रावती एक्सप्रेसच्या तारखा बघतोय. चेर्लाईच्या त्या बाईंना जेवायला येते म्हणून सांगून ठेवलंय, आणि या खेपेला लाडवांचा डबा कुणी काढून घेणार नाही.